माझ्या पाठीवरचे दोन स्टिकर

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे आणि खरं सांगायचं तर दमलो आहे. दुकानात मिळतो तसला मी नव्हे. मी प्रयोगशाळेतला. प्लास्टिकची पारदर्शक डबी, पोटात जस्ताचा पत्रा आणि पोटॅशचं पाणी, पाठीला हवेसाठी दोन लहान भोकं. हवा आत घेतली की मी वीज देतो. मला वीज दिली की हवा बाहेर सोडतो आणि पुन्हा भरतो. घ्या, सोडा, घ्या, सोडा. बैलालाही घाण्यावरून सोडतात, मला नाही.

या श्वासाला हातभार लावते ती माझ्या पाठीतली काळी भुकटी. तिला उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरक काम करतो पण स्वतः झिजत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. माझ्या नशिबी आलेले सगळे झिजले. श्वास घेण्यात तरबेज असलेल्यांच्या तो सोडताना नाकी नऊ यायचे. मग माझ्यावर संशोधन करणारी ताई मला उघडायची, धुवायची, नवी भुकटी लावायची. ती चिकाटीची; कंटाळायचो मीच.

तिच्या आईला ऐकू कमी येतं. कानातल्या मशीनचे बटणाएवढे सेल माझेच भाऊबंद, पण एकदाच चालणारे. भोकावरचा स्टिकर काढला, हवा लागली, की संपायला लागतात. आई सगळे स्टिकर आधीच काढून ठेवायच्या. ताईने किती वेळा बजावलं होतं, "आई, उघडा ठेवू नकोस गं, हवेने संपतो तो." पुन्हा भरता येईल असा सेल आईच्या कानात बसवायचा, एवढाच तिचा ध्यास.

शेवटी लोखंड आणि कोबाल्टची एक भुकटी टिकली. महिने गेले तरी मी चालतच होतो. ताईचे मार्गदर्शक सर कधी नव्हे ते हसले.

एका दुपारी ताईला न्यायला आई आल्या. ताई आत हात धूत होती. आईंनी बसल्या बसल्या दोन्ही कानांचे सेल बदलले. मग त्यांना माझी उघडी भोकं दिसली. लेकीची शिकवण आठवून त्यांनी नव्या सेलांवरून काढलेले दोन्ही स्टिकर मायेने माझ्या पाठीवर चिकटवले.

मित्रांनो, श्वास कोंडला, तरी मला बरंच वाटलं. आयुष्यातली पहिली विश्रांती होती ती.

सकाळी सरांनी पडद्यावर माझ्या विजेची रेघ खाली कोसळलेली पाहिली. "झालं. हाही गेला. काढून टाक."

 ताईने मला उचललं, झाकणाचे स्क्रू सैल करायला उलटं केलं आणि थांबली. नखाने एक स्टिकर काढला, मग दुसरा. रेघ हळूहळू वर आली. ताई खुर्चीत बसून हसली आणि मग रडली.

संध्याकाळी आईंनी विचारलं, "माझं चुकलं का गं?"

"नाही," ताई त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. "मीच तुला अर्धं सांगितलं होतं."

तेव्हापासून मी पुन्हा घाण्याला जुंपलेला आहे. एकच मागणं आहे. कुणी गप्प झालं, तर संपलं म्हणून टाकून देऊ नका. आधी त्याला उलटं करून पाठ पाहा, त्याचा श्वास कोंडला असेल.