लेकराची सुन्नत

दोन हजार अठरा साल. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या. जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या पुलाअलीकडे, डॉक्टर साधनाबाईंचं हॉस्पिटल होतं. तिथं शिरीनबाईंनी फोन केला, "लेकराची सुन्नत करायची हाय."

शिरीनबाई बोहऱ्यांच्या, खिळे-पत्र्यांच्या दुकानाच्या मालकीण. घरात गुजराती, गिऱ्हाइकाशी मात्र अस्सल जालन्याची मराठी. नर्स नंदाबाईंनी "बरं" म्हणून वेळ दिली. त्या हॉस्पिटलात सुन्नत व्हायची ती पोरांचीच. लेकरू म्हणजे पोरगं की पोरगी, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यामुळे शिरीनबाई, त्यांची सून तस्नीम आणि सात वर्षांची इन्सिया दारातून आत आल्या, तेव्हा नंदाबाई हसून म्हणाल्या, "करवली तर आली. नवरदेव कुठं राह्यले?"

इन्सियाला घरून सांगितलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे जायचं आणि मग आइस्क्रीम. तस्नीमलाही लहानपणी बुऱ्हाणपुरात असंच काहीबाही सांगून आत्यानं कुणाच्या तरी माडीवर नेलं होतं. दोघींनी पाय धरले आणि एका म्हातारीनं नाजूक जागेवर ब्लेड चालवलं. आपलं काय कापलं हे कळायला तिचं लग्न व्हावं लागलं.

सासू काही दुष्ट नव्हती. सुनेच्या बाळंतपणात तिनं स्वतःच्या हातानं शेकशेगडी केली होती. आताही तिला वाटत होतं, आपण केवढी सुधारणा केली. ब्लेडवाली म्हातारी नको, डॉक्टर बरी. भुलीची सुई देतील, पोरीला कळणारही नाही.

"मॅडमशी मी आधी बोलते," म्हणून तस्नीम एकटीच आत गेली. मागोमाग नंदाबाई गेल्या.

"मॅडम, मुलगा न्हाई. माझ्या इन्सियाचं करायचं म्हणतात," तस्नीम म्हणाली.

साधनाबाईंनी चष्मा काढला. "मी हे करणार न्हाई, तस्नीम."

"ठाऊक हाय. म्हणून तर तुमचं नाव मीच सुचवलं. तुम्ही नुसती पट्टी बांधा आन् झालं म्हणून सांगा. सासूबाई उघडून बघायच्या न्हाईत."

"बांधू का, मॅडम?" नंदाबाई म्हणाल्या. "पट्टीला काय जातंय?"

साधनाबाई म्हणाल्या, "तुझी पोरगी सुटेल. पण तुझी सासू चार घरांत सांगेल, साधनाबाई करतात म्हणून. मंग तुझी जाऊ तिच्या पोरीला, झेहराला, घेऊन येईल. ती पट्टी मागेल का?"

तस्नीमनं मान खाली घातली. "मंग तुम्हीच सांगा त्यांना."

"सांगते की. पण मी न्हाई म्हटलं तर त्या दुसरा डॉक्टर गाठतील. तू न्हाई म्हटलंस तर दुसरी आई कुठून आणतील?"

तस्नीम बाहेर आली. बाकडी भरलेली होती. हसनाबादची एक बाई पोटुशा सुनेला घेऊन बसली होती. शिरीनबाईंनी गुजरातीत, दबक्या आवाजात, काय झालं म्हणून विचारलं. ही गोष्ट घरातही कधी दबक्या आवाजाशिवाय निघाली नव्हती.

तस्नीमनं मराठीत उत्तर दिलं. "मी इन्सियाला कापू देणार न्हाई. इथं न्हाई, बुऱ्हाणपुरात न्हाई, कुठंच न्हाई."

"हळू बोल. लोक हायेत."

"हायेत म्हणूनच बोलून राह्यले."

"माझं झालं, तुझं झालं. मेलो का आपण?"

"मेलो न्हाई. पण पाय कुणी धरले ते मी अजून विसरले न्हाई. तुम्ही विसरलात?"

हसनाबादची बाई पुढं वाकली. "काय कापायचं म्हणतेत, माय?"

"मावशी, तुमचा नंबर आला का बघा," नंदाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात साधनाबाई दारात आल्या. "शिरीनबाई, सुई देऊन केलं तरी इजा ती इजाच. याला इलाज म्हणत न्हाईत. माझा हात लागणार न्हाई."

शिरीनबाई उठल्या आणि एकट्याच रिक्षात बसून घरी गेल्या.

तस्नीमचा नवरा मुर्तुजा आठवडाभर घुम्यासारखा जेवला. मग आईला म्हणाला, पोरीची आई न्हाई म्हणते, तर न्हाई. जावेनं मात्र ऐकलं नाही. झेहराचं दुसऱ्या शहरात नेऊन करून आणलं. शिरीनबाई तिच्यासोबत गेल्या नाहीत. तस्नीमशी त्या वर्षभर बोलल्या नाहीत, पुढं बोलल्या तेही घरकामापुरतं, आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. नंदाबाई निवृत्त होऊन धावड्याला लेकाकडे राहतात. साधनाबाईंना आता कमी दिसतं. हॉस्पिटल त्यांची सून बघते, आणि सुन्नतीसाठी पोरींना तिथं आजही हात लावत नाहीत.

इन्सिया यंदा दहावीला आहे. आईनं तिला सगळं सांगितलंय. आणि तस्नीम कुठं बाळंतिणीला बघायला गेली, तिथं मुलगी झालेली असली, की त्या बाळंतिणीच्या सासूसमोरच हा विषय काढते. काही घरांनी तिला बोलावणं बंद केलंय. तिथं ती न बोलावता जाते.