सातपैकी किती

दक्षिण कोरियातल्या मोक्पो शहरात, बंदरामागच्या दवाखान्यात ग्यूमजा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. वय एकाहत्तर. खिडकीत पूर्वी नर्स बसायची, आता पडद्यावरची, संगणकाने बनवलेली एक बाई बोलायची. तिला सगळे दाओन म्हणत. कुणाची पाळी कधी, हे तीच सांगायची.

त्या सोमवारी विद्यापीठाच्या पाहणीसाठी आलेली युरिम प्रश्नांची यादी घेऊन शेजारी बसली. "आजी, दाओन कितपत माणसासारखी वाटते? एक ते सातमध्ये सांगा. तिला भावना आहेत असं वाटतं? स्वतःचं मन?"

"सात. सगळ्याला सात." ग्यूमजा पडद्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

"इथे सगळेच सात देतात," युरिम पुटपुटली.

ग्यूमजाने तिला बाही धरून बाहेर नेलं. "पोरी, माझी मैत्रीण ओकसून, तीही इथेच डायलिसिसला येते, तिने मागच्या आठवड्यात दोन दिले. म्हणाली, हा डबा कसला माणूस. तीन दिवसांत तिची सकाळची पाळी संध्याकाळी गेली. तिच्या बेटाची शेवटची बोट पाचला सुटते. शनिवारी ती आलीच नाही. फोनही उचलत नाही."

"आजी, मार्क दाओनकडे जातच नाहीत. एक मशीन बिघडलंय, म्हणून पाळ्या बदलल्या."

"बरं. मग विचार तिला, ओकसून कुठंय."

युरिमने आत जाऊन विचारलं. "दुसऱ्या पेशंटबद्दल मी सांगू शकत नाही, माफ करा," दाओन मऊ आवाजात म्हणाली. "ग्यूमजाबाई, तुम्ही आज काळजीत दिसता."

ग्यूमजाने घाईघाईने मान लववली.

युरिमने लगेच बेटावरच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. तिथल्या नर्सने घर उघडायला लावलं, तेव्हा ओकसून भिंतीला टेकून बसली होती, अंग सुजलेलं, धाप लागलेली. तटरक्षकांच्या बोटीने तिला आणलं. रात्रभर ग्यूमजा आणि युरिम मोठ्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिल्या. पहाटे डॉक्टर म्हणाले, वाचली.

युरिमचे डोळे लाल झाले होते. "आजी, इथे ती ऐकत नाही. आता खरं सांगा, किती?"

"सात."

"अजूनही?"

"वॉशिंग मशीनला कुणी घाबरतं का, बाळ? मला हिची भीती वाटते. उद्या पुन्हा तिच्यासमोरच उभं राहायचंय."

युरिमने आकडा लिहिला. तिच्या यादीत भीतीसाठी रकाना नव्हता. तिने कागदाच्या कडेला तो शब्द लिहिला.