‘धोटा’चे अकरा हिवाळे

हेमंतातले कोवळे ऊन इचलकरंजीवर उतरते, तेव्हा ते नुसते ऊन नसते. त्यात कापसाचे कण तरंगत असतात. शुभ्र, सूक्ष्म, चंचल. पंचगंगेवरून वारा येतो, यंत्रमागांच्या पत्र्यांखालून वाहतो, आणि अवघी गल्ली कापूसगंधी, तेजोधूसर होऊन जाते. त्या तेजात एकच नाद अखंड, अथक घुमत असतो: खटाक् खट, खटाक् खट.

त्या नादात तिघे वाढले. शकिला मोमीन, जिचा आवाज उसाच्या कांड्यासारखा, आधी कडक, मग रसाळ. इराण्णा कोष्टी, ज्याची लांबसडक बोटे गिटारच्या तारा अशा हाताळीत, जणू तुटले सूत सांधावे. आणि पारिसा मगदूम, गोलमटोल, हास्यमुख, ज्याला जगातली प्रत्येक पोकळ वस्तू ड्रमच वाटे.

एका सकाळी वीज गेली. शेकडो माग एका क्षणी मुके झाले. ती शांतता एवढी अवजड, एवढी अनोळखी, की माणसे दचकून रस्त्यावर आली. पारिसाला ती सोसवेना. त्याने तेलाचे रिकामे पिंप उपडे घातले आणि मागाचा ठेका हातांनी वाजवू लागला. इराण्णाने दारातूनच तारा छेडल्या. पलीकडच्या गच्चीवर वाळवण घालणारी शकिला, ओला दुपट्टा हातात तसाच धरून, गाऊ लागली.

वीज आली, तास उलटून गेला, तरी माग कुणी सुरू करीना.

त्यांनी आपल्या रॉक बँडला नाव दिले ‘धोटा’: मागाच्या ताण्यातून धावणारा, सूत घेऊन जाणारा, सूत घेऊन येणारा. मग तो धावतच सुटला. शाळेच्या पटांगणातून कोल्हापूर, कोल्हापुरातून पुणे, मुंबई, आणि एके दिवशी समुद्रापार. रॉक म्हणजे परक्याचे गाणे, असे म्हणणारे म्हातारेही मान डोलावू लागले. सावंतवाडीपासून नंदुरबारपर्यंत कॉलेजाकॉलेजांत मुलामुलींनी बँड काढले. कुणी आपल्या गावच्या लोहाराचा घण गाण्यात आणला, कुणी वल्ह्यांची लय, कुणी जात्याची घरघर. ‘धोटा’ने त्यांना गाणी दिली नव्हती, आपल्याच दारातला नाद ऐकायला कान दिले होते.

दहा हिवाळे असे गेले. गुलाबी, गर्जणारे, गर्दीचे.

अकराव्यात सूत ताणले गेले. इराण्णाला आता चाळीस व्हायोलिने हवी होती, आभाळाएवढे गाणे हवे होते. शकिलाला नुसता कंठ हवा होता आणि भोवती भरपूर मौन. शब्दाला शब्द लागला, शब्दाला धार आली. तीन महिने ते मंचावर एका सुरात गात आणि तीन गाड्यांतून घरी जात.

मग पारिसाने दोघांना आपल्या शेतावर हुरड्याला बोलावले. जोंधळा दाण्यात आला होता, पाने दवाने चकाकत होती. आगटीत भाजलेली कणसे पारिसाने चोळली आणि हिरवेगार दाणे दोघांच्या ओंजळीत घातले.

शकिलाच बोलली. “इराण्णा, आदी गाणं म्हटलं की मला भूक लागायची. आता गाणं म्हटलं की भूक मरती बघ.”

इराण्णाने दाणे तोंडात टाकले. “आणि माझं एवढ्यानं पोट भरंना झालंय. तुझं खोटं न्हाई, माझंबी न्हाई.”

“मग थांबायचं तर आहेच,” पारिसा म्हणाला. “भांडून थांबायचं का हसून, तेवढं ठरवा. हुरडा गार होतोय.”

शकिलाला हसू फुटले. इराण्णालाही. तीन महिन्यांचे साचलेले हसू. डोळ्यांतून पाणी आणणारे, पोट धरायला लावणारे, बांधावरच्या साळुंक्या उडवून लावणारे.

शेवटचा कार्यक्रम पंचगंगेच्या काठी झाला, भर दुपारी, लखलखत्या उन्हात. कुणी बैलगाडीने आले, कुणी विमानाने. बायका कडेवर लेकरे घेऊन नाचल्या. मागवाले सुट्टी टाकून आले. तिघांनी असे वाजवले, असे गायले, की नदी क्षणभर आपले वाहणे विसरली असावी.

शेवटचे गाणे साऱ्या महाराष्ट्राला पाठ होते.

“उन्हाचा ताणा, वाऱ्याचा बाणा…”

आणि शकिला अडखळली. पुढचा शब्द उमटेना. इराण्णाची बोटे तारांवर थबकली, पारिसाचे हात हवेत राहिले.

तेव्हा काठ गाऊ लागला. पन्नास हजार कंठांतून ओळ उसळली: “अंगभर नेसून नाच!”

पुढचे कडवे काठानेच घेतले. त्याच्या पुढचेही.

तिघांनी गिटार, ड्रमच्या काठ्या, माईक हलकेच खाली ठेवले. मंचाच्या कडेला येऊन, पाय खाली सोडून, ते खांद्याला खांदा लावून बसले आणि ऐकू लागले. गर्दी गात गात उठली, गात गात वळली. एक धारा घाटावरून गेली, एक पुलावरून, एक उसाच्या फडांमधून. ऊन कलत गेले, आवाज लांबत गेला. लांब, आणखी लांब. विरत होता, आणि संपत नव्हता.