सरदार नसलेलं सैन्य

आषाढ सरत आला की आमच्याकडे दुपारला वेळ म्हणून राहत नाही. ऊन नाही, सावली नाही, नुसता राखाडी उजेड. जेवून माणूस ओटीवर जरा आडवा होतो आणि डोळे उघडतो तेव्हा ही सकाळ की संध्याकाळ, हे समुद्राकडे बघून ठरवावं लागतं. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. दिवेआगरच्या वाड्या संपल्या की खाडीच्या तोंडाशी आमचं घर, आणि घरासमोर आमची नाव उभी. ‘केसर’. माझ्या गेलेल्या आईचं नाव. त्या नावेकडे बघत बाबा दिवसभर बसलेला असायचा.

बाबा म्हणजे हरेश्वर तांडेल. उभा जन्म त्याने नाव हाकली. होळीनंतर छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता समुद्र बंद. बाबाने मान हलवली, पण ती हो म्हणून की सवयीने, ते कुणालाच कळलं नाही. नारळी पौर्णिमा तोंडावर आली तरी या हंगामाला तांडेल कोण, नाव कोण हाकणार, हे काही त्याच्या तोंडून निघेना. आमच्या नावेवरचा खलाशी सदा बाबाच्याच हाताखाली तयार झालेला, वारा आणि इंजिन दोन्ही ओळखणारा. त्याला दुसऱ्या बंदरातल्या नावेवरून बोलावणं आलं होतं. आमच्या शब्दासाठी तो थांबला होता, पण थांबून थांबून किती थांबणार? तो गेला की खलाशी त्याच्यामागे जाणार आणि केसर झावळ्यांखाली कुजत पडणार. मी विचारलं की बाबाचं एकच उत्तर, “बघू.” माझा राग नाकावर असतो, हे गावात कुणीही सांगेल. त्या ‘बघू’ने मी पार वेडी व्हायची बाकी होते.

त्यात निकेश सुट्टीवर आला. माझा धाकटा भाऊ. कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या ऑफिसात नोकरी करतो आणि रविवारी मित्रांबरोबर बाहुल्यांची लढाई खेळतो. अंगठ्याएवढे सैनिक, स्वतः रंगवलेले. डोळ्यांतली बुबुळंसुद्धा. ह्या वेळी सगळा डबाच घेऊन आला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! एक पुरुष समुद्राकडे बघत बसलेला, आता दुसरा बाहुल्यांकडे.

“ताय, बस ना. मी शिकवतो तुला,” तो म्हणाला.

मला काय, भांडायला विषय हवाच होता. मी बसले. त्याने चटईवर जुनी हिरवी चादर अंथरली, करवंट्यांचे डोंगर केले, आणि सांगायला लागला. लढाई नंतर, आधी सैन्य बांधायचं. दोघांना सारखेच पाचशे गुण मिळतात. त्या गुणांत सैनिक घ्यायचे. साधा पायदळवाला स्वस्त, घोडेस्वार महाग, राक्षस तर फारच महाग. वाटेल ते घेता येत नाही. पायदळाच्या दोन तुकड्या तरी हव्यातच, राक्षस एकच, आणि सरदाराशिवाय सैन्य धरतच नाहीत.

“मग मी राक्षस घेते आणि मोकळी होते,” मी म्हटलं.

“तसं न्हाय चालत गो.”

“का न्हाय? गुण माझे, राक्षस माझा!”

आमची अशी चांगलीच जुंपली असताना मागून बाबा म्हणाला, “यांचा भंडारी कुठला?”

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. कितीतरी दिवसांत त्याने आपणहून काही विचारलं नव्हतं. भंडारी म्हणजे आमच्या नावेवर जेवण रांधणारा. निकेश म्हणाला, “बाबा, हे खेळातले सैनिक. यांना जेवायला लागत न्हाय.”

“मानसं हायेत ना? मंग जेवनार न्हायत?” बाबा सरकत चटईपर्यंत आला. डब्यात बोटं घालून त्याने एक सामानाची गाडी काढली, मागे हंडा टांगलेली. तिच्याजवळ पळी घेतलेला एक जाडा माणूस. “हा बघ. हा कितीला?”

निकेश हसला. गाडीला गुण पडतात, पण लढाईत ती काडीच्या कामाची नाही, कुणी घेतच नाही, म्हणाला. बाबाने ती सगळ्यांत आधी चादरीवर ठेवली. मग म्हणाला, “तू नुसता दर सांग. मानसं मी निवडतो.”

आणि दुपारभर तो माणसं निवडत राहिला. एकेक सैनिक उचलायचा, उजेडाकडे धरायचा, याचा चेहरा भांडखोर दिसतो, हा बाजूला, हा जागरण काढील, हा ठेव. राक्षसाला तर त्याने हातही लावला नाही. “एवढा एकटाच दांडगा नावेत घेतला तर नाव कलंडेल,” म्हणाला. समुद्र लांब कुठेतरी घुमत होता. मी भिंतीला टेकले आणि माझे डोळे मिटत गेले. मला दिसलं, की ओहोटीच्या वाळूवरून ते अंगठ्याएवढे लोक चालले आहेत. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत. पुढे हंडा, मागे घोडे, आणि कुणाच्याच पायाचा आवाज नाही. आईसुद्धा कुठेतरी होती, ती त्यांना वाट सांगत होती. मला इतकं शांत वाटलं, की जागं होऊच नये.

जाग आली ती निकेशच्या आवाजाने. “बाबा, गुण संपले. पन सरदार कुठाय?”

चादरीवर बाबाचं सैन्य उभं होतं. गाडी, पायदळाच्या तुकड्या, कडेला घोडेस्वार. इतकं नीट, की बघत राहावं. पण सरदार नव्हता.

“मी हाय ना,” बाबा म्हणाला.

त्यात त्याची चूक तरी काय म्हणायची? आमच्याकडे असंच असतं. तांडेल बसून माणसं जमवतो, भंडारी, जाळंवाले, इंजिनवाला. स्वतःला कुणी मोजत नाही. तो असतोच.

निकेशने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी फटकन बोलले असते, पण तेव्हा मी मान फिरवली. शेवटी तोच हळू म्हणाला, “बाबा, जो सैन्य निवडतो तो पटावर नसतो. सरदार यांच्यातलाच एक घ्यावा लागतो.”

“मंग निवडनारा कुठं असतो?”

“भायेर. आपन बसलोय तसा.”

“आन सैन्य हरलं तर?”

“तर तोच हरला. जिंकलं तरी त्याचंच.”

केसरवरच्या झावळ्या वाऱ्याने वाजत होत्या. बाबाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चादरीकडे. मग वाकून दोन घोडेस्वार उचलले आणि डब्यात परत ठेवले. “या गुणांत कोन येईल?”

“लहानसा सरदार येईल. फार नावाजलेला न्हाय.”

“नाव कमवील हळूहळू,” म्हणत बाबाने तो लहान सरदार तळहातावर घेतला आणि सैन्याच्या मध्ये ठेवला. ठेवल्यावरही बोट त्याच्यावरून काढेना. मग काढलं.

“किशोरी,” तो म्हणाला, “सदाला बोलावून आन. त्याला सांग, या सालापासून नाव त्यानेच हाकायची. मी किनाऱ्यावर हाय.”

ह्याच शब्दांसाठी मी सगळा उन्हाळा, सगळा आषाढ त्याच्याशी भांडले होते. आता ते मिळाले होते आणि मला ते नको होते. मला वाटलं, त्याने पुन्हा एकदा ‘बघू’ म्हणावं आणि मी पुन्हा त्याच्यावर ओरडावं. मी ओटीच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथेच बसले. पाय उचलेना, डोळ्यांतलं पाणी थांबेना. मागे वळून बघायचं धैर्य नव्हतं, कारण बाबाही रडत असेल तर मी सदाकडे गेलेच नसते.

“जा गो,” मागून तो म्हणाला, अगदी नेहमीच्या आवाजात. “तो वाट बघत असल.”