खिशात मावणारा पाइप

"बाबांना खिशात मावेल असा पाइप घेऊ नकोस," नणंदेने फोनवर बजावलं होतं.

"का?"

"कारण ते तो खिशात घालतील."

नणंदेला शहाणपण शिकवायची सवयच, म्हणून मी ते सोडून दिलं. दुकानातला सर्वांत चिमुकला पाइप उचलला. वाटी लहान म्हणजे तंबाखू कमी, तंबाखू कमी म्हणजे धूर कमी, धूर कमी म्हणजे बाळ सुरक्षित. पदवी काय उगाच घेतली होती?

सासरे निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांना तंबाखू सोडायला सांगितली आणि स्वतःच्या पाइपच्या दांडीवर दातांचे खड्डे पाडले. तो जुना पाइप पळीएवढा. कुठल्याच खिशात जात नसे, त्यामुळे ओढून झाला की मुकाट लाकडी घोडीवर थंड होत पडायचा.

नवा हातात घेऊन ते म्हणाले, "हा पाइप आहे की बाळाची चोखणी?"

सोमवारपासून मी कामावर जाणार होते आणि बाळ त्यांच्याकडे राहणार होतं. माझी अट एकच: बाळाच्या नजरेला पाइप पडता कामा नये.

शनिवारी बाळ रडलं. बाबा गॅलरीतून धावत आले, त्याला खांद्यावर घेतलं. मला जळका वास आला. मी आधी इस्त्री पाहिली, मग चार्जर, मग शेजाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. वळून बघते तर बाबांच्या स्वेटरच्या डाव्या खिशातून धूर, आणि खांद्यावर नातू मजेत!

बाळ ओढून घेतलं आणि त्याच्या टबातलं पाणी बाबांवर ओतलं.

"अगं, पाइपवर पाणी? लाकूड तडकेल ना!"

"तुम्ही तडकला नाहीत हे नशीब! आधी विझवायचा नाही का?"

"वरून विझलेलाच होता. आत धुमसत असेल, तुझ्या नणंदेसारखा. आणि बाळाला दिसू द्यायचा नाही म्हणालीस, मग काय गिळून टाकू?"

"भाजलं का कुठे?"

"छे! काही नाही."

रविवारी त्यांनी बाळाला उजव्या कडेवर घेतलं. एरवी घेतात ते नेहमी डाव्या.

"बाबा, सदरा वर करा."

"सूनबाई, जरा लाज बाळग."

"करताय की टब आणू?"

कमरेवर टम्म फोड.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू पोराला पाळणाघरात टाकलं असतंस."

मी मलम लावलं. चिमुकला पाइप कचऱ्यात गेला, पळी घोडीवर परत आली. सोमवारी बाळाला त्यांच्याकडेच ठेवून मी कामावर गेले आणि दुपारपर्यंत इतके फोन केले की शेवटचा बहुधा बाळानेच कापला.

तुमच्या घरीही असा एखादा 'काही नाही'वाला म्हातारा असेल. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. उठा, आणि त्याचा सदरा वर करून बघून या.