तिसरं दार

माझ्या भावाला, हिल्मीला, एकच विद्या येते असं नाही, पण एकच उपाय येतो. कशालाही हवा मारायची. फिल्टर उघडला, मार हवा. स्क्रू गंजला, मार हवा. दुपारच्या भाकरीवर धूळ बसली तर ती फडक्याने झटकायची सोडून हा कॉम्प्रेसरची नळी उचलतो. मी तिखटमीठ लावून सांगतेय असं वाटत असेल तर कैरोजवळच्या बिल्बैसला या आणि कालव्याकाठच्या आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

तिथे आमच्या बाबांचं गॅरेज आहे. ओळीने तीन दारं. बाबा पॉवर स्टिअरिंगचे उस्ताद. ज्याचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढूनही वळत नाही, तो ड्रायव्हर शिव्या घालत त्यांच्याकडे यायचा आणि जाताना एका बोटाने गाडी वळवत जायचा. बाबा गेल्यावर कायद्याप्रमाणे वाटणी झाली. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे दोन दारं हिल्मीची, तिसरं माझं. कायदा देवाचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या शर्किया भागात कायद्याच्या मागून एक रीत गुपचूप चालत येते. बहिणीने आपला वाटा हसतमुखाने भावाला सोडायचा, आणि मग ईदला त्याने दिलेल्या कापडाचं कौतुक करत बसायचं.

मी हसले नाही. नवरा वारल्यापासून मी झगाझिग शहरातल्या एका छापखान्यात राबत होते. तिथलं एक जुनं रंगीत प्रिंटरचं धूड विकत घेतलं आणि तिसऱ्या दारात आणून ठेवलं. लग्नपत्रिका, शाळेची प्रमाणपत्रं, निवडणुकीतल्या उमेदवारांचे गोरे केलेले चेहरे, सगळं छापते. गल्लीला वाटलं होतं, बाई दोन महिन्यांत थकेल. बाई थकली नाही. बाई वैतागली, पण ते वेगळं.

वैतागणार नाही तर काय! आमची वीज एकाच मीटरवर. पलीकडे हिल्मीने लोखंडी भाग दाबून बसवायचा प्रेस चालू केला की माझ्याकडे नवरीचा चेहरा निळा येतो. त्याची गिऱ्हाइकं माझ्या कागदाच्या गठ्ठ्यांवर बूड टेकून चहा पितात. तो स्वतः आला की आधी छापलेल्या कागदाला बोट लावणार, मग विचारणार, "ओलं आहे का गं, ताई?" बोट काळं, तेलकट, भाकरीएवढं. रोज एकदा तरी म्हणणार, "ताई, वरची खोली रिकामी आहे. तिथे तुझं हे खेळणं छान चालेल. मला इथे दुसरी लिफ्ट बसवता येईल."

"खेळण्याचं वजन तुझ्या इंजिनाएवढं आहे, हिल्म्या. जिन्याने तू नेणार?"

"नेईन की!"

"मग आधी तुझी ती तेलाची बादली हलव अंगणातून. बाबा असते तर कानाखाली वाजवली असती."

ही बादली म्हणजे हिल्मीची काटकसर. स्टिअरिंगच्या पंपात लाल तेल असतं. बाबा जुनं तेल फेकून नवं घालायचे. हिल्मी जुनं तेल बायकोच्या फाटक्या नायलॉनच्या मोज्यातून गाळतो, अंगणात उघड्या बादलीत ठेवतो आणि पुढच्या गाडीत ओततो. "लाल आहे तोवर चांगलं आहे," हे त्याचं शास्त्र. गल्लीतले निम्मे उस्ताद असंच करतात आणि वर एकमेकांना नावं ठेवतात.

तर एका दुपारी मी एका शेजारणीकडे सांत्वनाला गेले होते. परत येऊन शटर उघडलं आणि कपाळावर हात मारला. मशीनवर, भिंतींवर, टेबलावर, सगळीकडे लाल-गुलाबी भुकटी. हा टोनर. छपाईचे चार रंग असतात, त्यातला लाल. पिठाहून बारीक, प्लास्टिकचा. मशीनचं पोट उघडं, लाल नळकांडं टेबलावर आडवं. पलीकडे सुकत ठेवलेल्या एका लग्नाच्या पत्रिका, माझी चार दिवसांची मेहनत, गोवर आल्यासारख्या झालेल्या. अंगणाकडचं मागचं दार सताड उघडं.

दुकानाची दुसरी किल्ली फक्त हिल्मीकडे असते. मी तशीच त्याच्या दारात गेले. तो एका गाडीखाली पडला होता.

"माझ्या मशीनला कोणी हात लावला?"

"मला काय माहीत?" गाडीखालून आवाज आला. "खमासीनचा वारा सुटला होता. तूच मागचं दार उघडं टाकलं असशील."

"आणि वाऱ्याने मशीनचं झाकण उघडलं? नळकांडंही वाऱ्यानेच काढलं?"

"जोराचा होता वारा."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण हातात पुरावा नव्हता. वाळवंटाचा वारा त्या दिवशी सुटला होता हेही खरं. मी पत्रिका पुन्हा छापल्या आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. तो तरीही मला 'सलाम' घालायचा, मी भिंतीकडे बघायची.

आठवड्याने हाजी बदवी आला. हा सात सीटची जुनी गाडी कैरोच्या रस्त्यावर चालवतो. माणूस तापट, आवाज भोंग्यासारखा. त्याच्या स्टिअरिंगचं काम हिल्मीने नुकतंच केलं होतं.

"अरे हिल्मी! कालव्यात जात होतो मी! सहा प्रवासी घेऊन!" हाजी गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला. "वळणावर स्टिअरिंग दगड झालं. पंप असा कण्हतोय, जशी माझी सासू गुडघ्यावर हात ठेवून उठते!"

हिल्मीने तेलाची टाकी उघडली. टाकीच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गुलाबी चिखलाने गच्च भरली होती. पंपाला तेलच पोचत नव्हतं. आता पंपच गेला होता. हिल्मीने तो चिखल बोटावर घेतला, पाहिला, आणि मी शपथेवर सांगते, त्याचा चेहरा उजळला.

"ही तर ताईची भुकटी!" तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "मी सांगत नव्हतो? गाड्यांच्या शेजारी छापखाना! दार उघडं टाकते, वारा येतो, हिची धूळ माझ्या तेलात! उद्या कोणी मेलं म्हणजे?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण चिखल माझ्या रंगाचा होता, त्याला मी काय म्हणणार! लाल तेलात लाल भुकटी, कोणाला दिसली असती?

हिल्मीने लगेच बैठक मागितली. आमच्याकडे असले तंटे पोलिसात जात नाहीत. धंद्यातला वडीलधारा बसतो, दोन्ही बाजू ऐकतो, आणि तो म्हणेल ते मान्य करायचं. स्टिअरिंगवाल्यांचे वडीलधारे म्हणजे मुअल्लिम शहात. मुअल्लिम म्हणजे उस्तादांचा उस्ताद, आणि हे तर बाबांचे जोडीदार. त्यांच्या शब्दावर गल्ली चालते. हिल्मीची मागणी एकच होती, ताईने तिसरं दार रिकामं करावं. ते गेलं तर मी वरच्या खोलीत बसून भावाच्या ईदच्या कापडाची वाट बघणार होते. रात्रभर मला तेच दिसत होतं.

सकाळी दुकानांसमोर बाकडी मांडली. मधे मुअल्लिम, बाजूला हाजी बदवी, समोर आम्ही भाऊबहीण. हिल्मीने वाऱ्याची गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की मला स्वतःलाच क्षणभर दार उघडं टाकल्यासारखं वाटलं.

"तुझं म्हणणं काय, इन्शिराह?" मुअल्लिमांनी विचारलं.

"मी दार लावून गेले होते. दुसरी किल्ली फक्त याच्याकडे."

"साक्षीदार?"

"कुलूप."

हाजी बदवी हसला. मुअल्लिम हसले नाहीत. "बेटी, भुकटी तुझी आहे, हे तर तू नाकारत नाहीस?"

"नाही."

ते जपमाळ ओढू लागले. निकाल काय लागणार हे मला कळत होतं. तेवढ्यात वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर दोरीची पुली करकरली. हिल्मीची बायको करीमा कपडे वाळत घालत होती.

"ताई!" ती वरून ओरडली. "बरं झालं दिसलात! ती तुमची लाल भुकटी कपड्यावरून कशानं निघते हो?"

"करीमा, आत जा!" हिल्मी ताडकन उठला.

"जाते हो! पण आधी डागाचं कळू दे. गुरुवारचे पांढरे कपडे उकळायला टाकले, त्यात यांचं बनियन होतं. सगळा घाणा गुलाबी झाला! तीनदा उकळले तरी जात नाही, उलट घट्टच बसतंय!"

"अगं, उकळलेस कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं. "ती गरमीनेच चिकटते. मशीन कागदावर तशीच तर चिकटवतं. आधी झटकायचं, मग थंड पाणी."

"आता सांगताय! मुलींचे शाळेचे सदरे गेले, यांचा शुक्रवारचा झब्बा गेला."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. दोरीवर चादरी, सदरे, झब्बा, सगळ्यांवर गुलाबी ठिपके. मधोमध हिल्मीचं बनियन. पोटापासून गळ्यापर्यंत गुलाबी, पाठीवर मात्र बाकीच्या कपड्यांसारखे नुसते ठिपके. वाऱ्याने उडालेली भुकटी माणसाला निवडून पुढूनच लागत नाही.

मुअल्लिमांनी वर बघतच विचारलं, "बेटी, तुझ्या नवऱ्याच्या बनियनला भुकटी लागली कशी?"

"अहो, त्या दुपारी यांनी ताईंचं मशीन हवा मारून साफ करून दिलं ना! ओळखपत्राची रंगीत प्रत काढायला गेले होते, कागद अडकला, म्हणून उघडलं म्हणे. मला म्हणाले, ताईला सांगू नकोस, उपकार बोलून दाखवायचे नसतात."

हाजी बदवीने अशी डरकाळी फोडली, की समोरच्या टपरीवरची मांजर पळाली. "हवा मारलीस? पिठाच्या डब्यात हवेची नळी घातलीस, गाढवा, आणि मग ते पीठ माझ्या स्टिअरिंगमध्ये?"

हिल्मी बाकावर बसला. त्याचं टक्कलसुद्धा गुलाबी झालं होतं.

मुअल्लिमांचा निकाल छोटा होता. हिल्मीने हाजीच्या गाडीत नवा पंप घालावा, सगळ्या नळ्या धुवाव्यात, नवं तेल भरावं, आणि अंगणातली बादली आजच, कालव्यात न ओतता, कुठेतरी नीट फेकावी. तिसऱ्या दारावर इन्शिराहचा हक्क आहे.

माझा जीव भांड्यात पडला. मी आत गेले, चहा केला, पेले भरून आणले. मुअल्लिमांसमोर ठेवला. त्यांनी पेल्यावर तळवा पालथा ठेवला.

आमच्याकडे पाहुणा असं करतो तेव्हा त्याला काहीतरी मागायचं असतं. मागणं पुरं होईपर्यंत तो पीत नाही. आणि वडीलधारा न पिता उठला तर त्या घराची अब्रू गेली.

"बेटी," मुअल्लिम अगदी मायेने म्हणाले, "तू जिंकलीस. आता मोठेपणा दाखव. लोकांसमोर भावाची मान खाली गेली आहे. दार त्याला देऊन टाक. बहिणीची शोभा माफ करण्यात आहे. तुझ्या बाबांच्या आत्म्याला बरं वाटेल."

"माझ्या चारी बहिणींनी सोडलं," हाजी बदवी पेल्यापासून हात दूर ठेवत म्हणाला. "हसत सोडलं."

बघा. हरले असते तर दार गेलं असतं, आणि जिंकले म्हणून दार मागत होते. इतका संताप आला, की रडूच आलं. बाबांचं नाव काढलं नसतं तर बरं झालं असतं. हिल्मी खाली मान घालून चपलेने माती उकरत होता, लहानपणी मार खाल्ल्यावर उकरायचा तशीच. एक क्षण मला वाटलं, द्यावं. सुटावं एकदाचं.

वर पुली पुन्हा करकरली.

"ताई," करीमा म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही. "मला तीन मुली आहेत आणि एक मुलगा. उद्या त्यांचीही वाटणी होईल."

मग खिडकी लावल्याचा आवाज आला. करीमा दिसते तितकी भोळी नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी डोळे पुसले. "मुअल्लिम, पत्रिका माफ. भुकटी माफ. माझ्यावर घातलेला आळ माफ. दार नाही."

मुअल्लिमांनी जपमाळ खिशात टाकली, उठले, आणि माझ्याकडे न बघता गेले. हाजी बदवी "लाज आहे, लाज" पुटपुटत त्यांच्यामागे गेला. बाकड्यावर भरलेले पेले तसेच राहिले. या गल्लीत माझ्या हातचा चहा असा कधीच परत आला नव्हता. आता संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्बैसला कळणार होतं.

हिल्मी अजून बसलाच होता. मी पेले उचलायला वाकले, तर त्याने मुअल्लिमांच्या पेल्याला आपलं तेलकट बोट लावलं.

"थंड झालाय," मी म्हणाले.

त्याने तो एका दमात संपवला. मग हाजी बदवीचा उचलला, तोही संपवला. मग स्वतःचा.

"साखर कमी आहे, ताई," तो तोंड पुसत म्हणाला.

"मग घरी पी," मी म्हणाले, आणि रिकामे पेले घेऊन माझ्या दारातून आत गेले.