प्रभूची बकरी

त्या दिवसांत बनाबाईचे हात एका जागी ठरत नव्हते. भाकरी थापता थापता ती मध्येच उठायची, अंगणात जाऊन खुंट्याला बांधलेल्या बकरीची दोरी चाचपायची, आणि परत येईपर्यंत तव्यावरची भाकरी करपलेली असायची. मोतीराम करपलेला पापुद्रा काढून निमूट जेवायचा. एकदा न राहवून म्हणाला, "बकरीकडं एवढं पायतं, कधी मायाकडं बी पाय."

"तुमच्यासाठीच तर पाहून राह्यली मी तिच्याकडं," बना म्हणाली.

ते खरंच होतं. महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. गावच्या शाळेतल्या नव्या नकाशाचा वार्निशचा वास अजून गेला नव्हता. मोतीराम मलकापूरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायचा. मागल्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कापसाची धूळ बसली आणि ताप असा चढला की दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही आशा सोडली. त्या रविवारी बना चर्चमध्ये भर उपासनेत उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "प्रभू, माया धनी घरी येऊ दे. मायी बकरी पयल्यांदा व्याली की दुधासकट, पिलासकट तुयी. हंगामाच्या सणाले आनून देतो." मंडळी "आमेन" म्हणाली. मोतीराम घरी आला.

हंगामाचा सण म्हणजे आमच्या भागातल्या ख्रिस्ती लोकांचा नाताळाच्या आधीचा मोठा दिवस. ज्वारी घरात आली की ज्याच्या शेतात, परसात जे पहिलं निघालं असेल ते वाजतगाजत चर्चमध्ये न्यायचं. कणसांच्या पेंढ्या, भोपळे, अंबाडीची भाजी, पाय बांधलेल्या कोंबड्या. वेदीपुढं त्यांचा ढीग लागायचा आणि प्रार्थना झाली की आवारातल्या लिंबाखाली त्याचा लिलाव व्हायचा. बनाकडं शेत नव्हतं. तिचं दान म्हणजे मुठीचं मडकं. पीठ मळायला घेतलं की पहिली मूठ देवाची. ती मडक्यात टाकायची आणि सणाला मडकं नेऊन रितं करायचं. बाकीच्या बायका टोपल्या मिरवत पुढं जायच्या, बना मडकं पदराखाली धरून सगळ्यांत शेवटी.

या वर्षी तसं होणार नव्हतं. ठिपकी व्याली होती. तांबडी, उंच, कानांवर पांढरे ठिपके असलेली बकरी. तिचं दूध असं की कासंडी भरून यायची. मलकापूरचे कापसाचे आडते किसनराव मंडळीतले मोठे वडील, म्हणजे चर्चच्या पंचांतले एक होते. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "बनाबाई, यंदा तुही बकरी सगळ्याइच्या पुढं. लिलावात मीच सोडवतो अन् परत चर्चलेच देऊन टाकतो." तेव्हापासून बना मनातल्या मनात रोज चर्चच्या बाकांमधल्या वाटेनं चालत होती. ठिपकीच्या गळ्यात झेंडूची माळ, हातात दोरी, दोन्ही बाजूंना उभी मंडळी.

एक गोष्ट मात्र तिला कोणी सांगितली नव्हती. तिनं आपली आपणच ठरवली होती. बकरी देवाची, तर दूधही देवाचं. चहातसुद्धा थेंब घालायचा नाही. रोज सकाळी ती दूध काढायची आणि कासंडी झाकून चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी पोचवायची.

पाळकसाहेब वामनराव नगरकडचे. त्यांच्याकडं स्वतःची गाय होती. त्यांच्या पत्नी विमलबाई दारातच हसायच्या. "सलाम बनाबाई. आणलंत का पुन्हा? अहो, आमच्या मांजरीची तब्येत बघा जरा. पाव्हणे विचारतात, बोका आहे का म्हणून."

बना हसायची नाही. तिला घाई असायची, कारण येता-जाता वाटेवर भिमाबाईचं घर लागायचं.

भिमाबाई तिची सख्खी थोरली जाऊ. सासऱ्यानं ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा सगळं घर त्याच्या मागं आलं होतं. पुढं छप्पन सालानंतर थोरल्या दिरानं बुद्धाचा मार्ग धरला. त्या वेळी मोतीराम रागाच्या भरात दादाला म्हणाला, "बापाचा देव टाकला, आता बापाचं घर बी टाक." थोरल्यानं खरंच घर सोडलं आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या उभ्या केल्या. आता दीर राहिला नव्हता. पण त्या शब्दानंतर या घरचं कोणी त्या घरी गेलं नव्हतं, त्या घरचं कोणी इकडं आलं नव्हतं.

भिमाबाईची सून सिंधू बाळंत होऊन महिना झाला आणि तिला मुदतीचा ताप आला. दूध आटलं. तिचा नवरा, म्हणजे भिमाबाईचा लेक, कामाला भुसावळला. गावात म्हैस होती ती पाटलाकडं, आणि तिचं दूध तान्ह्या मुलीला पचेना. ताप आल्या दिवसापासून बना रोज सकाळी त्या घरावरून जाताना मुलीचं रडणं ऐकत होती. आधी ते रडणं गल्लीच्या कोपऱ्यापासून ऐकू यायचं. मग घरापाशी आल्यावर. मग दाराशी थांबलं तरच.

एका सकाळी भिमाबाई उंबऱ्यावर बसली होती. तिनं कासंडीकडं पाहिलं.

"घेऊन चालली का तुमच्या देवाले दूध?"

बना थांबली नाही.

"काऊन वं बना, पेते का तो? वाटीनं पेते का तोंड लावून?"

"देवाची टिंगल करू नका, जाऊबाई."

"देवाची कोन करते? म्या तर बाई, दूधवालीची करून राह्यली."

आठ-नऊ वर्षांत दोघींमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. बना तरातरा पुढं गेली, पण दूध हिंदकळून तिच्या मनगटावर सांडलं. विमलबाईंच्या दारात पोचेपर्यंत ते वाळून चिकट झालं. दिवसभर तिनं तो हात कितीदा तरी धुतला.

दुसऱ्या सकाळी त्या घरातून काहीच आवाज आला नाही. बना दारापुढं उभी राहिली, कान देऊन. मग एक बारीक कुईं ऐकू आली, मांजराच्या पिलासारखी. पण तिचे पाय सवयीनं चर्चच्याच वाटेला लागले.

पाळकसाहेब ओट्यावर वाचत बसले होते. बनानं कासंडी खाली ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "साहेब, मले मोकळं करा. तुम्ही म्हना, का बना, दे. म्हंजे मी देतो."

वामनरावांनी चष्मा काढला. "नवस तू मंडळीपुढं केलास. किसनरावांनी तर बाहेरच्या पाव्हण्यांनाही सांगितलंय. रविवारी वडीलमंडळींपुढं विषय ठेवतो."

"रविवारपर्यंत?" आतून विमलबाईंचा आवाज आला. "लेकरू थांबेल का हो तुमच्या मिटिंगसाठी?"

वामनरावांनी चष्म्याची काच धोतरानं पुसली. मग खाली बघत म्हणाले, "बना, खरं सांगू? मी 'दे' म्हटलं तर तू माझ्या शब्दावर देशील. 'देऊ नको' म्हटलं तर माझ्या शब्दावर थांबशील. आईबापाच्या वाट्याचं देवाच्या नावानं बाजूला ठेवणाऱ्यांवर प्रभू रागावला होता, एवढं मला माहीत आहे. पण बोलली होतीस तू. जबाबही तुलाच द्यायचाय. मी तुला बांधलं नव्हतं, मग सोडू कसा?"

बनाला राग आला. एवढा शिकलेला माणूस, आणि एक हो किंवा नाही सांगता येईना! ती कासंडी न उचलताच निघाली. चार पावलांवरून परत आली, कासंडी उचलली. "मांजरीले आज उपास घडू द्या," विमलबाईंना म्हणाली.

पण थेट भिमाबाईकडं जायची तिची छाती होईना. ती घरी आली. कासंडी चुलीपाशी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मोतीराम कामावर निघत होता. सदरा घालताना खोकला. रोजचाच खोकला, पण बना वळून त्याच्या छातीकडं बघायला लागली. देवानं माणूस दिला. आपण दिलेला शब्द फिरवला आणि त्यानं माणूस परत मागितला तर? आणि न फिरवला, अन् त्या घरातलं कुईंसुद्धा थांबलं तर? मधल्या वाटेनं चालताना झेंडूची माळ कुणाला दिसेल, आणि आपल्याला काय ऐकू येईल?

"काय झालं वं? अशी काऊन फिरून राह्यली घरात?" मोतीरामनं विचारलं.

"दादाची नात मरून राह्यली," ती म्हणाली. "दूध आपल्या घरात हाये."

मोतीरामचा हात सदऱ्याच्या गुंडीवर थांबला. "आपलं कुठं? देवाचं हाये ते."

"हाव. मी बी असंच म्हनत होती."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग अंगणातल्या बकरीकडं. "अन् मले काई झालं तर?" त्यानं हे हसत विचारलं, पण हसू पूर्ण उमटलं नाही.

"तर मी जबाब देईन," बना म्हणाली. "तुम्ही कामाले जा."

ती कासंडी घेऊन, ठिपकीला दोरीनं ओढत, भर गल्लीतून निघाली. पिलू मागं बागडत होतं. भिमाबाई आत खाटेजवळ बसून मुलीच्या ओठांत गुळाच्या पाण्याचा कापसाचा बोळा पिळत होती. पाणी गालावरून ओघळत होतं. बकरी दारात पाहून ती उठली.

"हे काय?"

"दूध हाये. अर्धं पानी घालून ऊन करा. बकरी इथंच बांधतो."

"तुमच्या चर्चचं दान नको मले." भिमाबाई दारात आडवी उभी राहिली. "आज दूध देसान, उद्या म्हनसान पोट्टीले पान्यात बुडवा, नाव बदला. म्या नाई येनार कोनाच्या उपकारात."

"चर्चचं नाई हे."

"मंग कोनाचं? साऱ्या गावाले ठाऊक हाये, देवाले देल्ली ती बकरी."

बाहेर ठिपकीनं मान झटकली. खाटेवर मुलीनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. ते उघडं तोंड बघून बना एकदम ओरडली, "मी चुलत आजी हाओ तिची! आजीचं दूध दान असते का वं? सर बाजूले!"

तिनं थोरल्या जावेला अगं-तुगं केलं होतं, तेही ओरडून. भिमाबाई बाजूला सरली आणि चुलीत काडी घालायला वाकली. वाकल्यावर तिचे खांदे हलत होते. बनानं बोळा पिंजला, दुधात भिजवला, मुलीच्या ओठांवर धरला. दोन बोळे वाया गेले. तिसऱ्याला ओठ हलले.

ठिपकी त्या अंगणात राहिली. पण तिची एक खोड होती. बनाशिवाय कोणाला कासेला हात लावू द्यायची नाही. भिमाबाईनं प्रयत्न केला तेव्हा लाथेनं भांडं चुलीपर्यंत गेलं. मग दोन्ही वेळा बनालाच जावं लागायचं. पहिले दिवस दोघी दुधाखेरीज काही बोलल्या नाहीत. मग भिमाबाई पाटावर चहा ठेवायला लागली, काळा. "दूध पोट्टीचं हाये," म्हणायची, "तुले नाई."

सणाचा दिवस आला. बँडवाले आले, मलकापूरहून पाव्हणे आले. टोपल्यांची रांग मधल्या वाटेनं निघाली. सगळ्यांत शेवटी बना, पदराखाली मडकं. किसनराव पुढच्या बाकावरून वळून बघत राहिले. बना वेदीपाशी पोचली तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"बकरी कुठी हाये, बाई?"

वामनराव काही बोलतील असं बनाला वाटलं. ते तिच्याकडंच बघत होते. मोतीराम मान खाली घालून बसला होता आणि नेमका तेव्हाच खोकला.

"देल्ली," बना म्हणाली. "जिथं पाह्यजे होती तिथं देल्ली. शब्द म्या मोडला. देव विचारीन तं मले विचारीन." तिनं मडकं उलटं केलं. पीठ ढिगाच्या कडेला पडलं.

"असं कसं चालेल?" किसनराव म्हणाले. "आपन लोकाइले सांगतलं होतं."

कोणी बनाच्या बाजूनं बोललं नाही. प्रार्थना झाली, मंडळी लिंबाखाली जमली, पहिला भोपळा लिलावाला निघाला. बना एका कडेला रिकामं मडकं घेऊन उभी होती. मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. ते झालं नव्हतं. मोतीरामच्या प्रत्येक श्वासाकडं तिचा कान होता.

तेवढ्यात फाटकापाशी कोणी तरी ओरडलं. भिमाबाई. छातीशी धरलेली नात, केस विस्कटलेले, लुगड्यावर शेणाचा शिंतोडा. इतक्या वर्षांत या फाटकात तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. आताही ती बाहेरच उभी होती.

"बना वं! तुही बकरी हातच लावू देत नाई! पोट्टी भुकीनं लाल झाली!"

आणि खरंच, बँड थांबला तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. मुलगी रडत होती, गळा फाडून, लिंबापर्यंत ऐकू येईल अशी.

"लिलाव चालू हाये," किसनराव म्हणाले. "कुठी चालली?"

"प्रभूची बकरी पिळाले," बना म्हणाली, आणि मडकं विमलबाईंच्या हातात देऊन निघाली.

फाटकाशी पोचल्यावर तिला मागून खोकला ऐकू आला. मोतीराम येत होता. थोरल्या भावजयीपुढं येऊन तो थांबला. भिमाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू कायले आला?"

"बकरीचे कान धरतो," मोतीराम म्हणाला. "लाथ मारते ती."

"चाल मंग," भिमाबाई म्हणाली आणि रडती नात त्याच्या हातात दिली.